चेनसॉ सारखा ‘ओव्हर’ होतोय? खानापूर-बेळगाव भागातून नेहमी येणारे प्रश्न

मे महिना लागला की खानापूर, जांबोटी, नंदगड, बैलूरच्या बाजूला पावसाळी जळणाची बेगमी सुरू होते. कुणाची निलगिरी तोडायची असते, कुणाची वाळलेली काजूची झाडं, कुणाच्या बांधावरची बाभूळ. पुढे जून-जुलैत कणकुंबीच्या रस्त्यावर झाड आडवं पडलं की पुन्हा चेनसॉचं मशीन बाहेर निघतं. दोन्ही वेळेला तक्रार ठरलेली: दोरी ओढून ओढून खांदा गेला, पेट्रोलचा वास मारायलाय, पण मशीन चालू होईना झालंय. इंजिनमध्ये जादा पेट्रोल साचून मशीन लागेनासं झालं की आपण त्याला ‘ओव्हर’ झालं म्हणतो. त्याचीच उत्तरं इथे दिली आहेत. आधीच एक सांगतो. कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा. बहुतेक वेळा दोष त्याच्या कितीतरी आधीच सापडतो.

मशीन ओव्हर झालंय हे नक्की कसं ओळखायचं?

ठिणगी पाडणारा प्लग काढून बघा, अंदाज बांधत बसू नका. मशीनबरोबर जो दुहेरी पाना येतो, त्याचं १९ मिलिमीटरचं तोंड बहुतेक प्लगना बसतं. प्लगचं टोक ओलं चकचकीत दिसलं तर ते अंगठ्यावर पुसा. पेट्रोल असेल तर अंगठा गार पडतो आणि ओल क्षणात उडून जाते. म्हणजे मशीन ओव्हर आहे. ओल काळी, चिकट असेल आणि बोटावर तशीच राहत असेल तर ते ऑइल. मग पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात ऑइल जास्त पडलंय किंवा चुकीचं पडलंय.

आणि प्लग कोरडा ठणठणीत निघाला तर मशीन ओव्हर झालेलंच नाही. पेट्रोल वरपर्यंत येतच नाहीये. टाकीतला फिल्टर, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची जाळी बघा. हा दोष नेमका उलटा आहे आणि त्यावरचा उपायही उलटा, म्हणून सुरुवात नेहमी प्लगपासून करायची.

ओव्हर झालंय आणि मी रानात आहे. आत्ता काय करू?

आधी चोक (हवेची वाट बंद करणारी पट्टी) पूर्ण उघडा, चेनचा ब्रेक लावा, मशीन सपाट जमिनीवर ठेवून मागच्या मुठीत पाय घाला. ॲक्सिलरेटर अर्धवट अडकवून ठेवायची सोय असेल तर ती वापरा आणि दोरी दहा-पंधरा वेळा लांब ओढा. चोक उघडा असल्यामुळे आत नुसती हवा जाते आणि साचलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं. मशीन लागताना भरपूर पांढरा धूर निघेल, त्याला घाबरू नका. मात्र लागल्या लागल्या ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडा, म्हणजे इंजिन आयडलवर, म्हणजे मंद रिकाम्या वेगावर, येईल. ब्रेक लावलेला असताना इंजिन जोरात पळत राहिलं तर क्लच जळतो.

असं करूनही लागलं नाही तर स्विच बंद करा, प्लग काढा, प्लगचं भोक जमिनीकडे येईल असं मशीन वाकडं करा आणि दोरी आठ-दहा वेळा ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, त्यामुळे तोंड बाजूला ठेवा आणि भोकावर फडकं धरा. या वेळी प्लगची टोपी भोकापासून लांब हवी आणि स्विच बंदच हवा. टोपीतून ठिणगी उडाली आणि समोर पेट्रोलचा फवारा असला तर भडका उडतो. त्या वेळी आसपास विडी-सिगारेटही नको.

मग प्लग कोरडा पुसा, दहा-पंधरा मिनिटं भोक उघडं राहू द्या आणि प्लग परत बसवून चोक न लावता ओढा. खिशात एक जादा प्लग असेल तर हे काम पाच मिनिटांचं होतं. रानात जाणाऱ्या प्रत्येकाने तो ठेवावाच.

दोरी अर्ध्यावर येऊन अडकते, पुढे हलतच नाही. इंजिन जाम झालं का?

घाईने तसं समजू नका, आणि जोर तर अजिबात लावू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल इतकं भरलं असेल की पिस्टनला वर यायला जागाच उरली नसेल, तर असंच होतं. हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. त्या स्थितीत दोघांनी मिळून दोरी ओढली तर स्टार्टरच्या खुंट्या तरी मोडतात, नाहीतर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मशीन उलटं करून पेट्रोल निथळू द्या आणि दोरी हळू ओढून बघा. प्लग काढल्यावर दोरी मोकळी फिरली तर इंजिन शाबूत आहे. तरीही फिरली नाही तर मग मिस्त्रीकडेच न्यायला हवं.

रोज सकाळी पहिल्यांदा लावतानाच ओव्हर होतं. नंतर दिवसभर नीट चालतं. असं का?

याचं कारण जवळजवळ नेहमी चोकची सवय असते. सगळ्यात जास्त मशीनं इथेच अडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चोक लावला की हवेची वाट बंद होते आणि प्रत्येक ओढीला पेट्रोल जास्त खेचलं जातं. थंड इंजिनला पहिल्या ठिणगीपुरतं ते हवंच असतं. तीन-चार ओढींत मशीन एकदा ‘फट्’ करतं आणि बंद पडतं. आता पेट्रोल पुरेसं पोचलंय, चोक काढा, असंच ते सांगत असतं. ज्या मशीनला अर्ध्या चोकची जागा आहे तिथे खटका एक घर वर घ्यायचा, ज्याला नाही तिथे चोक पूर्ण उघडायचा आणि मग ओढायचं. पुढच्या दोन-तीन ओढींत मशीन लागतं.

गडबड होते ती हा ‘फट्’ ऐकू न आल्यामुळे. शेजारी दुसरं मशीन चालू असतं, कानाला टोपी असते, ट्रॅक्टर घुरघुरत असतो. ऐकूच आलं नाही म्हणून माणूस चोक लावूनच आणखी दहा वेळा ओढतो आणि मशीन पेट्रोलमध्ये बुडतं. म्हणून एक नियम पाळा: आवाज आला असो वा नसो, चोकवर पाच-सहा ओढींपेक्षा जास्त ओढायचं नाही. तेवढ्यात ‘फट्’ ऐकलं नाही तरी चोक उघडून ओढून बघा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच मशीन लागेल.

दोरी ओढायची पद्धतही बघा. कडक लागेपर्यंत हळू ओढायची आणि तिथून पुढे एकच जोरदार लांब हिसका द्यायचा. तुकड्या-तुकड्याने ओढलं तर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलला पुरेसा वेग मिळत नाही, ठिणगी दुबळी पडते, आणि पेट्रोल मात्र आत येतच राहतं. एका हातात मशीन लोंबकळत ठेवून दुसऱ्या हाताने झटका द्यायची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती सोडा. त्यात ओढ अपुरी पडते आणि चेन मांडीवर येण्याचा धोका असतो.

आणखी एक. स्वस्तातल्या ५८ सीसीच्या मशीनवर चोकचा खटका प्लास्टिकचा असतो आणि झिजला की चोक अर्धाच उघडतो. आपल्याला वाटतं चोक काढला, आतली पट्टी मात्र आडवीच असते. एअर फिल्टर काढून खटका मागेपुढे करा आणि ती पट्टी पूर्ण उघडतेय का, हे डोळ्याने बघा.

पंपाचा फुगा जास्त वेळा दाबला म्हणून ओव्हर झालं का?

नाही. चेनसॉवरचा तो पारदर्शक फुगा टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरमधून खेचून परत टाकीतच सोडतो. तो पेट्रोल इंजिनमध्ये ढकलत नाही. फुग्यात पेट्रोल दिसेपर्यंत दाबा, आणखी दोन-चार वेळा दाबला तरी बिघडत नाही.

चहाला थांबलो, मशीन गरमच होतं. परत लावताना चोक लावला आणि ओव्हर झालं.

गरम मशीनला चोक लावायचाच नाही. टाकी भरायला किंवा पाणी प्यायला थांबलात तर परत येऊन थेट चालू स्थितीत ओढा. अर्धा तास गेला असेल आणि तसं लागत नसेल तर अर्धा चोक. पूर्ण चोक फक्त सकाळच्या पहिल्या वेळेला.

मशीन उन्हात किंवा पिकअपच्या हौद्यात ठेवलं की ओव्हर होतं. सावलीत काहीच होत नाही.

टाकीचा व्हेंट बघा. टाकीला हवेसाठी एक बारीक झडप असते. काही मशीनवर ती मुठीजवळ छोट्या बुचासारखी, काहींवर नळीच्या टोकाला. तिच्यात ऑइल आणि भुसा मिळून लगदा बसला की टाकी बंदिस्त होते. उन्हात पेट्रोलची वाफ तयार होते, दाब वाढतो आणि तो दाब पेट्रोलला कार्बोरेटरमधल्या निडलवर, म्हणजे पेट्रोलची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सुईवर, रेटतो. निडल थोडी जरी झिजलेली असली तरी पेट्रोल थेट इंजिनमध्ये उतरतं.

ओळखायची खूण सोपी आहे. मशीन थंड झाल्यावर, तोंड लांब ठेवून, टाकीचं झाकण अगदी सावकाश सैल करा. फुस्स करून हवा बाहेर आली तर टाकीत दाब साठतोय. तापलेल्या मशीनचं झाकण एकदम उघडू नका, पेट्रोल अंगावर उडतं. व्हेंट काढून साफ करा. साफ होत नसेल तर बदला, वस्तू लहान आहे. तार घालून भोक मोठं करायचा उद्योग मात्र करू नका. मशीन आडवं केलं की मग पेट्रोल गळत राहील.

रात्री भरून ठेवलेलं मशीन सकाळी बघतो तर एअर फिल्टर पेट्रोलने भिजलेला. कुठून आलं?

निडलमधून. यावर थोडा वेळ घालवायला हरकत नाही, कारण मशीन खरोखर ‘सारखं’ ओव्हर होत असेल तर बहुधा दोष इथेच असतो.

मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि फ्लोट असतो. चेनसॉ आडवा-उलटा कसाही धरावा लागतो, म्हणून त्यात वाटी नसते. तिच्या जागी एक पातळ रबरी पडदा असतो. इंजिनने पेट्रोल खेचलं की पडदा आत ओढला जातो, एक चिमुकली दांडी दाबतो, दांडीच्या दुसऱ्या टोकाची निडल उचलली जाते आणि पेट्रोल आत येतं. इंजिन बंद असताना दांडीखालची स्प्रिंग निडलला जागेवर दाबून धरते. ही निडल पूर्ण बसली नाही की पेट्रोल झिरपत राहतं.

कार्बोरेटर उतरवा, पडद्याच्या बाजूचं झाकण खोला. त्याआधी मोबाईलवर फोटो काढा, आणि प्रत्येक थराला आणखी एक. पडदा आणि गॅस्केट कुठल्या क्रमाने होते हे नंतर आठवत नाही आणि क्रम बदलला की नवाच दोष सुरू होतो. खाली पांढरा कपडा अंथरा. दांडीच्या पिनचा स्क्रू काढताना स्प्रिंग उडते आणि पालापाचोळ्यात गेली की सापडत नाही.

आता निडल उजेडात धरून टोक बघा. टोकाभोवती गोल चर पडलेली दिसली तर ती झिजली, बदलायची. टोक गुळगुळीत असेल तर निडलची बसायची जागा बघा. तिथे भुशाचा एखादा कण किंवा वाळलेल्या ऑइलचा चिकट थर असतो. कार्बोरेटर क्लीनर मारा आणि काडीला कापूस लावून अलगद पुसा. त्या जागेत तार किंवा पिन कधीच घालू नका, एका ओरखड्याने कार्बोरेटर कायमचा गळका होतो. हवा मारायची तर पडदे बाहेर काढून मारा.

दांडीची उंचीही महत्त्वाची. ती वर वाकलेली असेल तर पडदा विसावलेला असतानाही निडल उचलून धरते. योग्य उंची प्रत्येक कार्बोरेटरची वेगळी असते. काहींत ती खोबणीच्या तळाशी समपातळीत असते, काहींत नाही, म्हणून त्या मॉडेलची उंची बघूनच वाकवा. स्प्रिंगचं टोक दांडीखालच्या खळग्यात बसलंय ना, तेही बघा. ते बाजूला सरकलं की दाब तिरका पडतो.

पडदा बोटाने हलवून बघा. नवा पडदा लुसलुशीत असतो. जुना कडक होतो, हलवला की कडकड वाजतो. असा पडदा परत बसवू नका. पडदा, गॅस्केट, निडल आणि स्प्रिंग यांचं किट मिळतं. कार्बोरेटरच्या अंगावर वॉल्ब्रो किंवा झामा असं नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो दुकानात दाखवा. ‘अमुक मशीनचं द्या’ एवढ्यावर भागत नाही, कारण एकाच मशीनवर वेगवेगळे कार्बोरेटर येतात. चिनी मशीनचा अख्खा कार्बोरेटरच स्वस्तात मिळतो, तिथे किटच्या भानगडीत न पडलेलं बरं.

पावसात काम करताना ओव्हर होतं.

एअर फिल्टर भिजलाय. पाऊस असो की कणकुंबीकडचं धुकं, फिल्टरवर ओला भुसा बसला की हवा अडते आणि मशीनला चोक लावल्यासारखंच होतं. जादा कोरडा फिल्टर पिशवीत ठेवा आणि बदला. घरी आल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. सायलेन्सरच्या तोंडाची जाळीही त्याच वेळी काढून बघा. काजळीने ती बुजली की धूर बाहेर पडत नाही आणि नवी हवा आत येत नाही.

पंपावरच्या पेट्रोलमुळे असं होतं का?

काही अंशी हो. २०२५ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अनेक चेनसॉच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली आहे. इथेनॉलमुळे जुने रबरी पडदे आणि नळ्या लवकर खराब होतात. शिवाय ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बसतो. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो. इंजिनला तो थर मिळतो, प्लग ओला होतो, पण पेट घेत नाही. माणसाला वाटतं ओव्हर झालं आणि तो कार्बोरेटर खोलत बसतो.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत ओता आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाला वेगळी रेघ दिसली तर सगळं बाजूला काढा, ते मशीनमध्ये परत घालू नका.

एका महिन्यात संपेल एवढंच मिश्रण करा. पुस्तिकेत ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, २५ ला १ असेल तर ४० मिली. औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणा आणि त्यानेच मोजा. ‘एक बुच ऑइल’ हे माप नव्हे, बुचं लहान-मोठी असतात. मोटारसायकलच्या इंजिनमधलं ऑइल मिश्रणात कधीही घालू नका. ते नीट जळत नाही, प्लग काळा चिकट करतं आणि मग तीच ओव्हरची तक्रार सुरू होते. पावसाळाभर मशीन वापरायचं नसेल तर टाकी रिकामी करा आणि आयडलवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

प्लग नवा घातला तरी ओव्हर होतंच.

मग ठिणगी बघा. दुबळी ठिणगी असेल तर पेट्रोल बरोबर आलं तरी जळत नाही, साचतं, आणि दिसायला ओव्हरच दिसतं. सिलिंडरचं भोक फडक्याने घट्ट बंद करा, प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या पंख्यांना भोकापासून लांब टेकवा, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा आणि सावलीत दोरी ओढा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळसर, तुटक असेल तर आधी प्लगचं अंतर तपासा. बऱ्याच मशीनना ते ०.५ मिलिमीटर लागतं, काहींना ०.६ ते ०.७. मग कॉइल आणि चाकातलं लोहचुंबक यांच्यातलं अंतर बघा. तिथे साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी जागा हवी.

थंड असताना लागतं, तासभर चालल्यावर बंद पडतं आणि थंड होईपर्यंत लागत नाही, असं असेल तर बंद पडल्या क्षणी ठिणगी तपासा. त्या वेळी ठिणगी नसेल तर कॉइल तापल्यावर मरते. ती बदलावीच लागते.

प्लग गॅसवर किंवा चुलीत भाजून घातला तर चालतो का?

तात्पुरता चालतोही. पण भाजताना आतली चिनी माती तडकते आणि पेट्रोलने ओला प्लग आगीजवळ नेणं धोक्याचं आहेच. फडक्याने पुसा, तारेच्या ब्रशने हलके घासा, उन्हात ठेवा.

मग ते स्क्रू कधी फिरवायचे?

वरचं सगळं तपासून झाल्यावर. ‘एल’ हा आयडलचा, ‘एच’ हा पूर्ण वेगाचा, तिसरा आयडलचा वेग ठरवणारा. हात लावण्याआधी मार्करने जुनी खूण करा. बऱ्याच कार्बोरेटरना सुरुवातीची जागा म्हणजे एल आणि एच दोन्ही हलक्या हाताने पूर्ण बंद करून एक-एक फेरा उघडणं, पण पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. ओव्हर होतंय म्हणून ‘एच’ आवळत जाणं ही सगळ्यात महागडी चूक आहे. पेट्रोल कमी झालं की मशीन किंचाळत जोरात पळतं, माणूस खूश होतो. पेट्रोलबरोबर ऑइलही कमी झालेलं असतं. पिस्टनवर ओरखडे उठतात आणि मशीन कायमचं बसतं.

गोव्यातून मशीन आणलंय. तिथे छान चालायचं, इथे जड चालतं आणि धूर जास्त.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे तिथे बसवलेलं पेट्रोलचं प्रमाण चोर्ला घाट चढून आल्यावर किंचित जास्त होतं. एवढ्याने मशीन ओव्हर होत नाही, पण आधीच फिल्टर मळका आणि निडल झिजलेली असेल तर भर पडते. मिस्त्रीकडून थोडं जुळवून घ्या. आणि मशीन परत किनाऱ्याला नेलंत तर पुन्हा जुळवायला विसरू नका, कारण तिथे तेच प्रमाण कमी पडेल.

मिस्त्रीकडे न्यायचंच झालं तर काय सांगू?

‘चालू होत नाही’ एवढं सांगून मशीन टाकून येऊ नका. थंड असताना ओव्हर होतं की गरम, प्लग पेट्रोलने ओला होता की ऑइलने, पेट्रोल कधी भरलेलं आहे आणि ऑइल किती घातलं होतं, हे सांगा. तुम्ही काय काय खोललंत तेही न लाजता सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचतो. काढलेला जुना प्लग पुसू नका, तसाच कागदात गुंडाळून द्या. आणि एसटीने किंवा वडापने बेळगावला नेणार असाल तर टाकी घरीच रिकामी करा, चेनवर कव्हर घाला.